बंदूक जमा करायचे दिवस

नाक्यावर झेंडे लागले, रिक्षांवर भोंगे चढले आणि पाच वर्षांत न दिसलेली माणसं जिन्यात हात जोडून उभी राहायला लागली, की आमच्या घरी एक फोन येतो. शेजाऱ्यांकडे उमेदवार येतात, आमच्याकडे पोलीस ठाण्याचा फोन. परवा सकाळी तो आला तेव्हा माझे हात कणकेत होते. करंगळीने फोन उचलला.

"मॅडम, आचारसंहिता लागली. हत्यार जमा करायचंय."

"रायफल," मी म्हटलं.

"तेच ते. आठवड्याच्या आत आणून द्या."

तेच ते. मी फोन ठेवला आणि उरलेल्या पोळ्या अशा लाटल्या की एकही गोल झाली नाही. दोन वर्षं झाली, पण हा फोन आला की माझं डोकं अजून तसंच तापतं. थंडीचे दिवस होते, मुलुंडला सकाळी शाल लागावी एवढा गारवा होता, आणि मी मात्र त्या मेमध्ये जाऊन पोचले होते.

नियम सगळ्यांना ठाऊक नसतो म्हणून सांगते. निवडणूक जाहीर झाली, की ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती ठाण्यात नेऊन द्यायची, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत आणायची. नियमाला माझा विरोध नाही. बंदूक ही बंदूक आहे, तिचा धाक असावा, तिच्यावर सरकारचा डोळा असावा. बाबांची रायफल माणूस मारू शकत नाही असंही मी कधी म्हणणार नाही. आजवर तिनं फक्त कागद मारला, एवढंच. एका वेळी एक गोळी घालायची, पन्नास मीटरवर कागद, आणि त्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढा ठिपका. पोटावर झोपायचं, श्वास अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा आणि बटणाची वाट पाहायची. सगळा खेळ एवढाच. बघणाऱ्याला त्यात काडीची मजा नाही. माझी आई एकदाच रेंजवर आली होती. तासाभरात स्वेटरचा गळा विणून झाला म्हणून तेवढी खूश होती.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. केसाच्या जाडीतला फरक बोटाला कळायचा त्यांच्या. तो कारखाना गेला, तिथे आता टॉवर आहेत आणि त्यांच्या गेटवर सलाम ठोकणारे वॉचमन आहेत. कारखान्यातल्याच एका साहेबांनी त्यांना चाळिशीत रेंजवर नेलं, आणि घरी येऊन बाबा आईला म्हणाले, "अगं, नळीतले आटे बघायला हवे होतेस. काय काम केलंय." खेळापेक्षा आधी त्यांना ते पोलाद आवडलं होतं.

स्वतःची रायफल घ्यायला पुढे बरीच वर्षं गेली. अंधेरीला रुसीकाका म्हणून एक म्हातारे पारशी नेमबाज होते, खांदा गेल्यामुळे ते आपली रायफल विकत होते. मी शाळेत होते, बाबांनी मला बरोबर नेलं होतं. रुसीकाकांनी चहा दिला आणि बाबांची तोंडी परीक्षाच घेतली. नळी कुठल्या बाजूने साफ करणार? पावसाळ्यात कुठे ठेवणार? चाप उगीच ओढून बघतो का तू? बाबांनी परवाना दाखवायला काढला, तर म्हणाले, "ते कागद दुकानवाला बघेल. मला तुझी नखं दाखव." बाबांनी हात पुढे केले. टूलरूमच्या माणसाची नखं ती, तेलाने काळी पडलेली. रुसीकाका हसले. एका बिल्डरला ती रायफल फार्महाउसच्या भिंतीवर लावायला हवी होती आणि तो जास्त द्यायला तयार होता. "भिंतीवर घोरपड लटकव म्हटलं मी त्याला," रुसीकाका म्हणाले. पुढे दुकानात दोघांचे परवाने ठेवून व्यवहार झाला, सह्या झाल्या, आणि रुसीकाका निघताना बाबांना म्हणाले, "कव्हरमध्ये नको ठेवू हां. कव्हर ओल पिते."

ते वाक्य आमच्या घरी सुविचारासारखं झालं. बाबांनी त्याचं आपलं रूप करून घेतलं होतं : कव्हर प्रवासाला, धोतर मुक्कामाला. आजोबांचं एक जुनं मऊ धोतर तेलात भिजवून, पिळून, त्यात रायफल गुंडाळायची आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवायची. रविवारी सकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं जाई. सळईच्या टोकाला पांढऱ्या फडक्याचा तुकडा, तो नळीतून पलीकडे. पहिला तुकडा काळा येई, दुसरा राखाडी, मग पिवळट. शेवटचा पांढरा आला की बाबा चहा मागत. मग खिडकीशी जाऊन नळी उजेडाकडे धरत आणि मला बोलावत. "ये गो बाय, बघ." एक डोळा मिटून मी बघायची. आत उजेडाची गोल गोल वळणं, एकात एक, पार टोकाच्या आभाळापर्यंत गेलेली. आमच्या दोन खोल्यांच्या घरात इतकं स्वच्छ दुसरं काहीच नव्हतं.

बाहेरच्यांना मात्र ती रायफल कधी समजलीच नाही. परवान्याच्या चौकशीला हवालदार आले तेव्हा त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं, हे गृहस्थ कसे आहेत. काकू म्हणाल्या, चांगले आहेत, पण बंदूक कशाला हवी त्यांना? तेव्हापासून आईला बायका विचारायच्या, "भांडण झालं की तुला भीती नाही का गं वाटत?" आई म्हणायची, "मी स्वयंपाक करते, त्यांनाच भीती वाटते." माणूस टेनिस खेळला तर त्याला छंद म्हणतात, घोड्यावर बसला तर शौकीन. टूलरूमचा माणूस बंदूक घेऊन कागदावर नेम धरतो म्हटलं की त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणार. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा बाबांना सांगितलं होतं, गणपतीच्या मिटिंगला जरा जपून बोलत जा, लोक दबकतात. बाबा! ज्यांनी आयुष्यात रिक्षावाल्याशीसुद्धा वाद घातला नाही!

तो त्यांचा गुण होता आणि माझा त्यावरच राग आहे.

मला कव्हरबद्दल सांगायला हवं. रेंजला जाताना बाबांचं खाकी कॅनव्हासचं जुनं कव्हर बघून टॅक्सीवाले थांबत नसत. मी नोकरीला घाटकोपरला. ऑफिसच्या मागच्या गल्लीत गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे एक मामा बसायचे, त्यांच्याकडून मी एक झकास कव्हर शिवून घेतलं. बाहेरून तपकिरी रेक्झिन, आतून बोटभर जाडीचा फोम, त्यावर मखमल, आणि कोपऱ्यात बाबांची आद्याक्षरं. बाबा पंच्याहत्तरचे झाले त्या दिवशी दिलं. त्यांनी मखमलीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सतारच वाटतेय गो." त्यानंतर टॅक्सीवाले खरंच विचारायचे, काका, कुठे प्रोग्रॅम आहे?

पुढे तीन वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब होतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. नेमबाजाला याहून वाईट काय सांगणार? कधीपर्यंत, असं बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पावसाळा निघेल बहुतेक, पुढचं काही सांगता येत नाही. बाबा घरी येऊन कॅलेंडरसमोर उभे राहिले. जुलैच्या शेवटी ज्येष्ठांच्या गटाची राज्य स्पर्धा होती. इतक्या वर्षांत त्यांना कधी पदक मिळालं नव्हतं, आणि त्यांनी त्याची आसही धरली नव्हती. त्यांना फक्त डोळा जाण्याआधी एकदा आपल्या रायफलने साठ गोळ्या नीट मारायच्या होत्या. तेवढंच त्यांनी मागितलं, आणि ते मागणं फार नव्हतं.

आणि निवडणूक लागली.

खेळाडूंना जमा करण्यातून सूट मिळू शकते. नेमबाजी संघटनेचं पत्र आम्ही आणलं होतं, शिक्क्यासकट. ठाण्यातल्या मुद्देमालाच्या हवालदारांनी ते उलटं-सुलटं पाहिलं. "हे वर जाईल. कमिटी बसेल. तोवर जमा करा."

"कमिटी कधी बसेल?" मी विचारलं.

"ते आम्हाला कोण सांगतं, ताई?"

कमिटी बसली की नाही ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मी कपाळाला आठ्या घालून उभी, आणि बाबा मात्र हात मागे बांधून, जणू कारखान्यात फोरमनसमोर उभे असावेत तसे. हवालदारांनी सुतळीने चिठ्ठी बांधायला घेतली. बाबांनी नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून दाखवला, नळी रिकामी असल्याचं दाखवलं आणि ते एवढंच म्हणाले, "जरा कोरड्या जागी ठेवा, साहेब."

"काळजी नको, काका. कव्हरमध्येच राहू दे. एवढं भारी कव्हर आहे, मस्त राहील आत."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कव्हरकडे पाहिलं आणि चेन लावली. मुद्देमालाच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आत पकडलेल्या दारूचे कॅन, गंजक्या तलवारी, कुणाची तरी चोरीची सायकल, आणि भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत ओलीचा नकाशा. त्या भिंतीला टेकवून त्यांनी ती उभी केली. बाबा दार बंद होईपर्यंत बघत होते.

तो मे मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. घामाने चिकट झालेली पावती. रविवारी सकाळी जमिनीवर वर्तमानपत्र न पसरलेलं घर. बाबा हॉलमध्ये पोटावर झोपून हातात काठी धरून श्वास अर्धा सोडायचा सराव करायचे. उठताना टीपॉयला हात टेकायचे. रोज सकाळी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेकडे उजव्या डोळ्याने बघायचे आणि अजून दिसतेय म्हणून मान हलवायचे. आणि एका संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून प्रचाराची रॅली गेली. उघड्या गाडीत उमेदवार, गळ्यात फुलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेला पिस्तूल लावलेली सफारीतली धिप्पाड माणसं. त्यांची पिस्तुलं जमा झाली नव्हती. त्यांच्या जिवाला धोका होता ना! शांतता कुणापासून राखायची तर मुलुंडच्या दोन खोल्यांत काठी धरून झोपलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापासून. मी गॅलरीतून ओरडणार होते, बाबांनी दंड धरून आत नेलं. "गप बस गो. आपल्याक काय करूचा आसा?"

आपल्याला काय करायचंय! या एका वाक्यावर हे शहर वर्षानुवर्षं सुखाने कुजतंय.

निकाल लागला, गुलाल उधळला गेला, गुलालावर पाऊस पडून गटारं गुलाबी वाहिली. मी ठाण्यात गेले. आदेश आला नाही. पुन्हा गेले. आदेश आलाय, पण किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर. पुन्हा गेले. किल्ली आहे, पण साहेब बंदोबस्ताला. दरवेळी ऑफिसात अर्धी रजा टाकायची आणि दरवेळी त्याच बाकावर बसायचं. कुणी उद्धट बोललं नाही. चहासुद्धा विचारला एकदा. त्यांनी वाईट काहीच केलं नाही, त्यांनी फक्त काहीच केलं नाही. स्पर्धेला आठ दिवस उरले तेव्हा ती परत मिळाली. बाबांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि चेन उघडली. मखमलीचा वास आला, ओल्या गोणपाटासारखा. फोम दाबला तर बोटाला पाणी लागलं.

पहिला तुकडा नळीतून तांबडा आला. दुसरा तांबडा. आठवा, दहावा. शेवटी एक पांढरा आला, पण त्यांनी चहा मागितला नाही. खिडकीशी जाऊन नळी उजेडाकडे धरली, बघितलं आणि माझ्या हातात दिली. आतली वळणं देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती.

रेंजवरचे मित्र आपली रायफल द्यायला तयार होते. बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या चपला घालून बोहल्यावर चढायचं का? ते आपलीच घेऊन गेले. मी मागे खुर्चीवर बसले होते. साठ गोळ्या त्यांनी नीट, संथ, एकेक श्वास मोजून मारल्या. हात हलला नाही, डोळ्याने त्या दिवशी साथ दिली, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. पण शर्टाच्या बटणाभोवती जिथे भोकं एकमेकांत मिसळायला हवी होती, तिथे ती बशीएवढ्या गोलात विखुरली होती. पंचांनी कागद दिला. बाबांनी तो चार घड्या करून खिशात ठेवला आणि सगळ्यांशी हात मिळवले. पावसाळा निघाला तेव्हा कॅलेंडरच्या मधली तारीख त्यांना उजव्या डोळ्याने दिसेनाशी झाली होती.

मी अर्ज लिहिले. वरच्या साहेबांना, त्याच्या वरच्यांना. भिंतीची ओल, रखडलेला आदेश, रजेवरची किल्ली, सगळं क्रमाने. एक दिवस असाच एक अर्ज मी बाबांना वाचून दाखवत होते. 'संबंधितांनी रायफल कव्हरमध्ये ठेवण्याचा निष्काळजीपणा केला' या वाक्याशी त्यांनी हात वर केला.

"ते काढ."

"का? खरं आहे ते."

"त्या हवालदाराला काय माहीत? मला माहीत होतं. कव्हरमधून काढायलाच हवी होती."

"मग बोलला का नाहीत बाबा? धोतर होतं आपल्या पिशवीत."

रागावले किंवा हळवे झाले की बाबा मालवणीत जातात. "तू हौशीन शिवून घेतलेलंस गो. तुझ्यासमोर कसा काढू?"

मी अर्ज फाडला नाही. ते वाक्य काढलं आणि बाकीचा पाठवला. उत्तर आलं नाही. पण तेव्हापासून माझा संताप नुसता ठाण्यावरचा राहिला नाही, तो घरी राहायला आला. आमच्या घराण्याचा हा रोगच आहे. साहेबाला वाईट वाटू नये, मुलीला वाईट वाटू नये, शेजाऱ्याला वाईट वाटू नये. वाटायचं ते पोलादाला वाटू दे. आणि मी? रुसीकाकांचं वाक्य लहानपणी माझ्यासमोर बोललं गेलं होतं. मखमलीच्या कौतुकात मीच ते विसरले होते. बाबांनी निदान एकदा माझ्याकडे पाहिलं तरी होतं.

सत्तरी उलटलेल्या माणसाला परवाना वारसाच्या नावावर करता येतो. आमचा तसा झाला. म्हणून आता फोन मला येतो, आणि हत्यार माझं आहे.

काल मी रायफल धोतरात गुंडाळून ठाण्यात नेली. टॅक्सीवाल्याने काय आहे विचारलं, मी बंदूक म्हटलं, त्याने गाडीचा वेग वाढवला. मुद्देमालाचे हवालदार नवे होते, तरुण, चष्मा लावणारे. त्यांनी छापील पावतीवर लिहायला घेतलं : रायफल एक नग, सुस्थितीत.

"सुस्थितीत कशावरून?" मी विचारलं.

"लिहितात मॅडम तसं."

"बघून लिहा."

"मॅडम, मागे लाइन आहे."

"असू दे." मी बोल्ट काढून टेबलावर ठेवला. नळी रिकामी असल्याचं दाखवलं, आणि ती दाराच्या उजेडाकडे धरली. "या इकडून. एक डोळा मिटा."

त्यांनी मागच्या लाइनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बहुधा माझ्या चेहऱ्यावर आज घरी जायची घाई दिसली नसावी. ते उठले, चष्मा कपाळावर सारला आणि वाकले. मला वाटलं होतं लगेच सरळ होतील. झाले नाहीत.

"गोल गोल दिसतंय," ते म्हणाले. आवाज जरा बदलला होता. "लांबपर्यंत... पण मधे डाग आहेत मॅडम. खूप आहेत."

"ते मागच्या निवडणुकीत इथे पडले. या खोलीत. लिहा."

"असं कसं लिहिणार?"

"मग साहेबांना बोलवा, त्यांनाही दाखवते."

साहेबांना बोलवावं लागलं नाही. त्यांनी लिहिलं. मी शब्द सांगत गेले, ते लिहीत गेले : नळीत जुन्या गंजाचे खड्डे, मागील निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा असताना पडलेले, तेल लावून, कापडात, कव्हराविना जमा. रायफल भिंतीला न टेकवता लाकडी फळीवर आडवी ठेवायला लावली आणि दार बंद होईपर्यंत उभी राहिले.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. "वाच," ते म्हणाले. मी पावती वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना 'कव्हराविना' या शब्दाशी त्यांनी माझ्या बाजूला तोंड वळवलं. मधलं त्यांना आता दुसऱ्या डोळ्यानेही दिसत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघताना माझ्या कानाकडे बघतात.

"त्यांनी लिहिलं?"

"लिहिलं."

"सगळे डाग त्यांच्या नावावर?"

"सगळे."

माळ्यावर ते तपकिरी कव्हर अजून आहे, कोपऱ्यातल्या आद्याक्षरांसकट. मी पावतीची घडी घातली आणि कपाटात ठेवली, धोतराच्या रिकाम्या जागी.